युरोप-अमेरिकेतलं पेट्रोल आणि गाडी चालवायच्या सवयी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांकडे निघालेले आई-वडील, एमएसला गेलेले विद्यार्थी, कंपनीने म्युनिकला किंवा आइंडहोवनला पाठवलेली मंडळी आणि इथेच बसून हिशेब मांडणारे चिकित्सक वाचक, अशा सगळ्यांकडून आलेले हे प्रश्न आहेत. भाव, कर आणि नियम २०२५ सालचे आहेत. हिशेबासाठी एक युरो म्हणजे १.१३ डॉलर धरला आहे. युरोप म्हणून जिथे एकच आकडा द्यावा लागला, तिथे जर्मनीचा दिला आहे.

१. अमेरिकेतला भाव गॅलनचा आणि युरोपातला लिटरचा. तुलना करायची कशी?

अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा असतो. २०२५ मध्ये अमेरिकेत साध्या पेट्रोलचा भाव सरासरी गॅलनला ३.१० डॉलरच्या आसपास होता, म्हणजे लिटरला साधारण ८२ सेंट. जर्मनीत तेव्हा लिटरला १.७० युरो, म्हणजे १.९२ डॉलर मोजावे लागत. थोडक्यात, सव्वादोन पटींहून जास्त.

ब्रिटनचा गॅलन वेगळा, ४.५४६ लिटरचा. तिथे पेट्रोल लिटरवर विकतात, पण गाडीचं ॲव्हरेज मात्र अजून गॅलनवर सांगतात. त्याचा घोळ प्रश्न १० मध्ये.

२. आणि मुंबईशी तुलना केली तर?

मुंबईत २०२५ मध्ये पेट्रोल १०३-१०४ रुपये लिटर होतं. त्याच काळातल्या विनिमय दराने अमेरिकेतला लिटर ७०-७२ रुपयांना पडत होता आणि जर्मनीतला १६५ च्या आसपास. म्हणजे नुसत्या रुपयांत पाहिलं तर आपण मध्ये बसतो. पण रुपयांत पाहणं फसवं आहे. जर्मनीत २०२५ चं किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं, त्यात साडेसात लिटर पेट्रोल येतं. अमेरिकेत केंद्र सरकारचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकलं आहे, त्यात पावणेनऊ लिटरच्या आसपास येतं. (बऱ्याच राज्यांचं किमान वेतन याहून जास्त आहे.) तासाभराच्या किमान मजुरीत आपल्याकडे किती थेंब येतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

३. युरोपात पेट्रोल एवढं महाग का? कच्चं तेल तर सगळ्यांना एकाच भावाने मिळतं ना?

जवळजवळ एकाच भावाने मिळतं, आणि करांआधीचं पेट्रोलही जवळजवळ एकाच भावाचं असतं. फरक पडतो तो सगळा कराचा.

जर्मनीचे १.७० युरो सोडवून पाहू. इंधन कर लिटरला ६५.४५ सेंट. २०२१ पासून लागलेला कार्बनचा आकार १२-१३ सेंट. मूळ किमतीसकट या सगळ्यावर १९ टक्के व्हॅट, म्हणजे आणखी २७ सेंट. म्हणजे इथे करावरही कर बसतो. एकूण एक युरो पाच सेंटच्या आसपास सरकारजमा होतात. तेल, रिफायनरी, टँकर आणि पंपवाला या सगळ्यांच्या वाट्याला उरतात ६५ सेंट.

अमेरिकेत केंद्राचा कर गॅलनला १८.४ सेंट आणि राज्यांचा सरासरी ३३ सेंटच्या आसपास. दोन्ही मिळून गॅलनला अर्धा डॉलर, म्हणजे लिटरला जेमतेम १४ सेंट. दोन्हीकडचा कर वजा केला तर लिटरला अमेरिकेत ६८ सेंट उरतात आणि जर्मनीत ७३ (वरचे ६५ युरो-सेंट म्हणजे ७३ अमेरिकन सेंट). ‘युरोपात तेल महाग आहे’ असं कोणी म्हणालं तर त्याला ही दोन वाक्यं ऐकवा.

युरोपीय संघाने पेट्रोलवर लिटरला किमान ३५.९ सेंट शुल्क लावण्याची अट २००३ पासून घातलेली आहे. त्यामुळे एखाद्या सदस्य देशाने ठरवलं तरी त्याला अमेरिकेइतकं स्वस्त करता येत नाही.

४. एवढा कर घेतात तो रस्त्यांवर खर्च होतो का?

गंमत अशी की कमी कर घेणाऱ्या अमेरिकेत तो रस्त्यांसाठी राखलेला असतो आणि जास्त कर घेणाऱ्या युरोपात बहुतेक ठिकाणी तो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. तिथून पेन्शन, शाळा, दवाखाने, रेल्वे असं काहीही होऊ शकतं.

अमेरिकेत १९५६ साली आयझेनहॉवर यांच्या काळात इंटरस्टेट महामार्गांचा कायदा झाला आणि पेट्रोलच्या करातून एक वेगळा महामार्ग निधी उभा राहिला. जेवढी गाडी चालवाल तेवढा कर, आणि त्याच पैशातून आणखी रस्ता. मात्र केंद्राचा १८.४ सेंटचा आकडा १९९३ पासून हललेला नाही. महागाई वाढली, रस्त्याचा खर्च वाढला, कर तिथेच. २००८ पासून या निधीत इतर पैसा ओतावा लागतो आहे. ‘पेट्रोलवरचा कर वाढवतो’ असं म्हणून मतं मागणारा माणूस अमेरिकेत अजून जन्मायचा आहे.

५. अमेरिकेत एवढं स्वस्त असूनही भाव जरा वाढला की इतका आरडाओरडा का होतो? डॅलसचा भाचा फोनवर रडतो आणि आम्हाला हसू येतं.

हसू नका, त्याचं रडणं हिशेबाला धरून आहे. युरोपातला कर बराचसा लिटरमागे ठरलेल्या रकमेचा असतो. कच्चं तेल वर-खाली झालं तरी ती रक्कम तशीच राहते, म्हणून पंपावरचा भाव टक्केवारीत कमी हलतो.

समजा कच्चं तेल पिंपामागे २० डॉलरनी महागलं. पिंप १५९ लिटरचं, म्हणजे लिटरला साडेबारा सेंट. अमेरिकेत गॅलनला सुमारे ४८ सेंट वाढतील, ३.१० वर तब्बल १५ टक्के. जर्मनीत व्हॅट धरून १३ युरो-सेंट वाढतील, १.७० वर ८ टक्क्यांहूनही कमी. धक्का एकच, पण अमेरिकन माणसाला तो दुप्पट जाणवतो, आणि तो गाडीही जास्त चालवतो. शिवाय तिथे हा भाव चौकाचौकात भल्यामोठ्या आकड्यांत लावलेला असतो. दुधाचा भाव असा हायवेवर टांगत नाहीत.

जून २०२२ मध्ये अमेरिकेची सरासरी पहिल्यांदाच पाच डॉलरच्या वर गेली, तेव्हा पंपापंपावर राष्ट्राध्यक्षांचे स्टिकर लागले होते. त्याच उन्हाळ्यात जर्मनीने जून ते ऑगस्ट पेट्रोलवरचा कर लिटरला ३५ सेंटनी कमी केला आणि सोबत नऊ युरोंत महिनाभर देशभर लोकलगाड्यांनी फिरायचं तिकीट काढलं. अमेरिकेत असं तिकीट काढायचं म्हटलं तरी बहुतेक गावांत ते वापरायला आगगाडी नाही.

६. मग वर्षाचा खर्च शेवटी कोणाचा जास्त?

जवळजवळ सारखाच येतो, आणि या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

अमेरिकन चालक वर्षाला सरासरी साडेतेरा हजार मैल, म्हणजे २१,७०० किलोमीटर गाडी चालवतो. रस्त्यावरच्या गाड्यांचं ॲव्हरेज गॅलनला २४ मैल धरू. ५६२ गॅलन लागले, ३.१० ने झाले सुमारे १,७४५ डॉलर. जर्मनीतली गाडी वर्षाला साधारण साडेबारा हजार किलोमीटर धावते. शंभर किलोमीटरला ७ लिटर धरले तर ८७५ लिटर, १.७० ने १,४८८ युरो, म्हणजे सुमारे १,६८० डॉलर.

अमेरिकनाने जवळपास २,१३० लिटर जाळलं, जर्मनाने ८७५. बिल मात्र शेजारीशेजारी. (एक आकडा चालकाचा आणि दुसरा गाडीचा आहे, म्हणून दशांशापर्यंत भांडू नये.) भाव दोन-तीन पिढ्या चढा राहिला की घर, दुकान, शाळा, गाडीचं इंजिन सगळंच त्या भावाच्या बेताने आखलं जातं. स्वस्त राहिला की गाव पसरतं. लिटरचा भाव पाहून ‘अमेरिका स्वस्त’ म्हणणारे हे अंतर मोजायचं विसरतात.

७. अमेरिकन लोक एवढाल्या गाड्या का चालवतात? ऑफिसला एकटा माणूस जातो आणि खाली ट्रकएवढी गाडी!

स्वस्त पेट्रोल हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं कायद्यात आहे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये अमेरिकेने कंपन्यांना सरासरी ॲव्हरेज वाढवायची सक्ती केली. पण मोटारींना एक माप आणि ‘हलके ट्रक’ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या गाड्यांना दुसरं, सैल माप. हेतू शेतकऱ्याच्या आणि सुताराच्या गाडीला सूट द्यायचा होता. कंपन्यांनी कुटुंबाच्या गाड्या त्याच खान्यात बसवायला सुरुवात केली, आणि आजच्या एसयूव्हींचा मोठा हिस्सा त्या वाटेने आला. २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत साध्या सेदान गाड्या बंद करत असल्याचं जाहीर केलं, ते याच वाटेवरचं पुढचं पाऊल.

दुसरी भानगड कोंबडीची. युरोपने अमेरिकन कोंबडीवर जकात वाढवली, म्हणून चिडून अमेरिकेने १९६४ पासून आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवली. कोंबडीचं भांडण केव्हाच विझलं, जकात राहिली. पिकअपच्या धंद्यात देशी कंपन्यांना बाहेरची स्पर्धाच फारशी उरली नाही, त्यामुळे नफा तिथे आणि जाहिरातीही तिथेच.

युरोपात उलट आहे. जर्मनीत गाडीचा वार्षिक कर इंजिनाच्या सीसीवर आणि धुरातल्या कार्बनवर ठरतो, फ्रान्समध्ये जास्त कार्बन सोडणारी नवी गाडी घेताना दंडासारखी मोठी रक्कम भरावी लागते. आणि जुन्या शहरांतल्या गल्ल्या आपल्या पेठांसारख्याच अरुंद. तरी एसयूव्ही युरोपातही वाढल्याच आहेत, फक्त त्यांची एसयूव्ही टेक्सासमध्ये लहान मुलाची वाटेल.

८. अमेरिकेने उद्या युरोपइतका कर लावला तर लोक गाडी कमी चालवतील?

उद्या नाही. ज्याचं घर ऑफिसपासून ४० किलोमीटरवर आहे आणि वाटेवर बस नाही, तो शिव्या देत पैसे भरेल. २००८ च्या उन्हाळ्यात भाव चार डॉलरच्या वर गेला, तेव्हा अमेरिकेतलं गाडी चालवणं खरंच घटलं आणि लहान गाड्यांचा खप वाढला. भाव उतरल्यावर मोठ्या गाड्या परत आल्या. सवय मोडायला भाव चढून भागत नाही, तो चढाच राहील अशी लोकांची खात्री पटावी लागते.

आणि युरोपीय माणूस आनंदाने कर भरतो असंही समजू नका. ब्रिटनने १९९३ पासून इंधनाचं शुल्क दरवर्षी महागाईपेक्षा जास्त वाढवायचं धोरण धरलं होतं. सप्टेंबर २००० मध्ये ट्रकवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी रिफायनऱ्या अडवल्या, काही दिवसांत पंप कोरडे पडले. २०११ पासून २०२५ पर्यंत ते शुल्क वाढलंच नाही, उलट २०२२ मध्ये ५ पेन्सनी कमी झालं. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ ला पिवळी जाकिटं घालून जे लोक रस्त्यावर आले ते पॅरिसच्या मेट्रोवाले नव्हते. छोट्या गावांत, शहरांच्या कडेला राहणारे, डिझेल गाडीशिवाय कामाला पोचू न शकणारे होते. त्यांचं जगणं पॅरिसपेक्षा ओहायोच्या माणसाशी जास्त जुळतं. सरकारला ठरलेली करवाढ मागे घ्यावी लागली.

९. नॉर्वे स्वतः तेल काढतो. मग तिथे पेट्रोल युरोपातल्या सर्वात महागांपैकी का?

कारण नॉर्वेने तेल विकायचं ठरवलं, जाळायचं नाही. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्कचा मोठा साठा सापडला. त्यातला पैसा पुढे सरकारी निधीत साठवला गेला आणि देशातल्या पेट्रोलवर इतर युरोपासारखाच भरपूर कर ठेवला. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. अमेरिका जगात सर्वात जास्त कच्चं तेल काढते आणि भाव कमी ठेवते. तेल जमिनीखाली असणं आणि पंपावर स्वस्त असणं यांचा संबंध सरकारला हवा तेवढाच असतो.

१०. ॲव्हरेजचे आकडे आपल्या ‘किलोमीटर प्रति लिटर’मध्ये कसे आणायचे?

अमेरिकेतला ‘गॅलनला अमुक मैल’ हा आकडा ०.४२५ ने गुणा. २५ म्हणजे लिटरला १०.६ किलोमीटर. ब्रिटनचा आकडा ०.३५४ ने गुणा, कारण त्यांचा गॅलन मोठा. तिथला २५ म्हणजे ८.९ भरतो. एकच गाडी ब्रिटिश जाहिरातीत जास्त ‘देते’ ती यामुळे.

उरलेल्या युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, म्हणून आकडा लहान तेवढा चांगला. शंभरला त्याने भागा: ७ लिटर म्हणजे १४.३.

११. अमेरिकेत पंपावर ८७ लिहिलेलं आणि युरोपात ९५. अमेरिकेचं पेट्रोल हलकं असतं का?

हा ऑक्टेनचा आकडा, म्हणजे इंजिनात पेट्रोल अवेळी पेट घेत नाही याचं माप. तो मोजायची पद्धत वेगळी आहे. अमेरिकेचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असते, युरोपचा फक्त त्यातल्या जास्त आकडा देणाऱ्या चाचणीचा. अमेरिकेतलं ८७ युरोपच्या मापात ९१-९२ भरतं. थोडं कमी, पण भलतं कमी नाही. ‘प्रीमियम’ महाग असतं, आणि गाडीच्या पुस्तिकेत मागितलेलं नसेल तर ते टाकणं म्हणजे पैसे उडवणं.

अपवाद: डेन्व्हरसारख्या उंच भागात साधं पेट्रोल म्हणून ८५ मिळतं. उंचीवर हवा विरळ, जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांना ते चालायचं. आजच्या गाडीच्या पुस्तिकेत किमान ८७ लिहिलं असेल तर मधलं नोझल उचला.

१२. पंपावर पैसे आधी द्यायचे की नंतर? आणि भरून देणारा पोरगा कुठे असतो?

बहुतेक ठिकाणी तुम्हीच भरायचं. न्यू जर्सीत मात्र स्वतः भरायला १९४९ पासून बंदी आहे, त्यामुळे एडिसनकडच्या मराठी घरांना भारतासारखंच काच खाली करून सांगता येतं. ओरेगॉनमध्येही अशी बंदी होती, ती २०२३ मध्ये उठली.

अमेरिकेत पैसे आधी. पंपावरचं मशीन कार्डासोबत तिथला पोस्टाचा पिन विचारतं आणि आपलं भारतीय कार्ड तिथे अडतं. घाबरू नका. आत काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर आणि रक्कम सांगा: चार नंबर, चाळीस डॉलर. कमी बसलं तर उरलेले परत मिळतात. युरोपात माणूस असलेल्या पंपावर साधारणपणे आधी भरायचं, मग आत जाऊन नंबर सांगून पैसे द्यायचे. माणूस नसलेल्या पंपावर मशीन कार्डावर शंभर-दीडशे युरो अडकवून ठेवतं आणि खरा आकडा नंतर कापतं. कार्डाची मर्यादा कमी असेल तर इथेच गाडी अडते.

१३. हिरवं नोझल पेट्रोलचं ना?

ब्रिटनमध्ये हो, आणि डिझेल काळं. अमेरिकेत बऱ्याच पंपांवर हिरवं नोझल डिझेलचं असतं, पण सगळ्या नाही. रंगावर कधीही जाऊ नका. युरोपीय संघात २०१८ पासून सगळीकडे एकच खूण आहे: गोलात ई५ किंवा ई१० म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी७ म्हणजे डिझेल. तीच खूण नव्या गाडीच्या टाकीच्या झाकणातही असते. स्पेनमध्ये ‘गासोलिना’ पेट्रोल आणि ‘गासोलेओ’ डिझेल, घाईत हमखास चुकतं. चुकीचं भरलं गेलंच तर गाडी सुरू करू नका, चावीही फिरवू नका. तिथूनच भाड्याच्या कंपनीला फोन करा.

१४. युरोपात डिझेल गाड्या एवढ्या का होत्या आणि आता कुठे गेल्या?

बहुतेक देशांनी ट्रकवाल्यांकडे पाहून डिझेलवर कमी कर ठेवला (जर्मनीत ४७ सेंट, पेट्रोलवर ६५), आणि डिझेल गाडी ॲव्हरेजही जास्त देते. म्हणून २०१० च्या आसपास पश्चिम युरोपातल्या निम्म्याहून जास्त नव्या गाड्या डिझेलच्या होत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने धुराच्या चाचण्यांत फसवण्यासाठी सॉफ्टवेअर बसवल्याचं अमेरिकेत उघड झालं, मग शहरांनी जुन्या डिझेलवर बंदी आणायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये दोन्हींवर शुल्क सारखंच आहे. अमेरिकेत डिझेल सहसा पेट्रोलपेक्षा महाग, म्हणून तिथे घरच्या गाडीत ते कधी रुजलंच नाही.

१५. स्वस्त पेट्रोल नेमकं कुठे आणि कधी मिळतं?

जर्मनीत २०२५ मध्ये भाव दिवसातून दहा-वीस वेळा हलायचा. सकाळी सातच्या सुमाराला सर्वात चढा, संध्याकाळी उतरलेला असायचा. २०१३ पासून पंपांना प्रत्येक बदल सरकारी यंत्रणेला लगेच कळवावा लागतो, त्यामुळे फोनवरच्या ॲपमध्ये खरा भाव दिसतो. ऑस्ट्रियाने २०११ मध्ये नियम केला की भाव उतरवा केव्हाही, पण वाढवा फक्त दिवसातून एकदा, दुपारी बाराला. तिथे बाराच्या आत भरा. फ्रान्समध्ये सुपरमार्केटचे पंप स्वस्त, अमेरिकेत कॉस्टकोसारख्या सभासदत्वाच्या दुकानांचे. ऑटोबानवरचा, म्हणजे जर्मन महामार्गावरचा, पंप सगळ्यात महाग. दोन-तीन किलोमीटर आत गेलात तरी फरक पडतो.

सीमेवरचे लोक काय करतात ते सिंधुदुर्गकरांना सांगायला नको. २०१२ मध्ये पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा बांद्याच्या पलीकडच्या पंपांवर एमएच-०७ च्या रांगा लागायच्या. जर्मन माणूस त्याच हिशेबाने लक्झेंबर्ग आणि पोलंडला जातो.

१६. भारतात वीस वर्षं गाडी चालवली आहे. तिथे नेमकं काय चुकेल?

अमेरिकेत लाल सिग्नलला पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असेल तर उजवीकडे वळता येतं, न्यूयॉर्कसारखी काही शहरं सोडून. ही सवय घेऊन युरोपात गेलात तर दंड. जर्मनीत फक्त सिग्नलशेजारी हिरव्या बाणाची पाटी असेल तिथेच चालतं. अमेरिकेत चारही बाजूंना ‘स्टॉप’ असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी निघतो, हॉर्न न वाजवता. युरोपातल्या बहुतेक देशांत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला पहिला मान. पिवळी स्कूलबस दिवे लावून थांबली की अमेरिकेत मागचेच नाही, समोरून येणारेही थांबतात.

जर्मनीत ऑटोबानच्या काही भागांवर वेगाची मर्यादा नाही (१३० ही फक्त शिफारस), पण उजवीकडून ओव्हरटेक बंद. नेदरलँड्समध्ये २०२० पासून बहुतेक महामार्गांवर दिवसा मर्यादा १००. अमेरिकेतली सर्वात जास्त मर्यादा टेक्सासमधल्या एका टोलरस्त्यावर, ताशी ८५ मैल.

इटलीत भाड्याने गाडी घेणाऱ्यांनी जुन्या शहराच्या तोंडाशी लाल वर्तुळाची पाटी आधी शोधावी. आत ठरलेल्या वेळांत परवानगी असलेल्या गाड्याच जाऊ शकतात आणि कॅमेरा नंबर टिपतो. दंडाचं पत्र महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतं, कंपनीच्या फीसकट. आणि युरोपात भाड्याची स्वस्त गाडी गिअरची असते. ऑटोमॅटिक हवी तर बुकिंग करतानाच सांगा. ब्रिटनसारखे डावीकडून चालवणारे देश सोडले तर गिअर उजव्या हाताने टाकावा लागतो.

१७. ब्रुसेल्समधला मित्र म्हणतो, पेट्रोलच्या भावाशी मला काही देणंघेणं नाही. असं कसं?

त्याच्याकडे कंपनीची गाडी आणि कंपनीचं इंधनकार्ड असेल. बेल्जियममध्ये पगाराऐवजी गाडी देण्याची पद्धत करामुळे दोघांनाही परवडते. लिटरला कितीही होवो, कार्ड खुपसलं की झालं. प्रश्न ६ मधला सगळा हिशेब अशा माणसाला लागू पडत नाही, आणि शनिवारी समुद्रावर जायला तो अमेरिकनाइतकाच तयार असतो.

१८. सगळे इलेक्ट्रिकवर गेले तर हा कर कोण भरणार?

ही चिंता सरकारांना आधीच लागली आहे. अमेरिकेतली अनेक राज्यं इलेक्ट्रिक गाडीवर नोंदणीच्या वेळी दरवर्षी जादा फी घेतात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून त्यांनाही वार्षिक कर लागू झाला. ओरेगॉनने २०१५ मध्ये स्वेच्छेने येणाऱ्यांसाठी मैलामागे पैसे घ्यायची योजना सुरू केली. पेट्रोलवर कर लावणारं अमेरिकेतलं पहिलं राज्यही ओरेगॉनच, १९१९ साली.